भाग ४१ : रागात लिहिलेला राजीनामा

(हे भाग ४१ चं लिखित रूप आहे. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे गाळलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

कोणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, कोणी भांडी घासता घासता. जिथे असाल तिथे आजचा भाग जरा शांतपणे ऐका. आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे, आणि ती सांगायला मला तीन वर्षं लागली.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. रात्री दीड वाजता पाठवलेला. मागे कॅन्टीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, “ताई, मी मगरपट्ट्यात नाइट शिफ्ट करते. माझी आणि माझ्या मैत्रिणीची जॉइनिंग एकाच दिवशीची. आता तिला टीम लीड केलंय आणि मला तिच्या हाताखाली टाकलंय. रोज तिच्याकडे रजा मागायची, तिने माझं काम तपासायचं, हे मला जमत नाहीये. राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. टाकू का?”

मी तो मेसेज तीनदा ऐकला. कारण हा ड्राफ्ट माझ्याही मेलमध्ये होता. फरक एवढाच, की मी तो पाठवला.

माझी शेजारीण

मी मूळची बार्शीची. पप्पा एसटीत कंडक्टर. जुलै २०१८ मध्ये कॅम्पसमधून माझी निवड झाली आणि मी पुण्यात आले. टेस्टिंगचं काम होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसली. तिचं नावही नाही सांगत. मी तिला ‘शेजारीण’ म्हणायचे, आजही म्हणते. वाकडला एकाच पीजीत राहायचो. मी बार्शीहून शेंगाची चटणी आणायची, ती तिच्या आईच्या हातचं लोणचं. महिनाअखेरीला दोघींत मिळून एकच रिक्षा. लॉकडाउनमध्ये ती तिच्या गावी, मी माझ्या, तरी दिवसभर कॉल चालू. काम करायचो, गप्पा मारायच्या, कधी कोणी काहीच बोलायचं नाही, तरी कॉल चालूच.

मग आला ऑक्टोबर २०२१. एसटीचा संप सुरू झाला. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी एसटीची नोकरी आहे त्यांना त्या सहा महिन्यांबद्दल वेगळं सांगायला नको. पप्पांचा पगार बंद. संप मिटेपर्यंत पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. तेवढे महिने घर माझ्या पगारावर चाललं. धाकट्या भावाची फी, किराणा, आईची औषधं, सगळं.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याचं वजन तुम्हाला कळायला हवं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा

पप्पा कामावर हजर होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. आमच्याकडे अप्रेझलची पत्रं आली. माझ्या पत्रात नऊ टक्के वाढ होती. शेजारणीच्या पत्रात वाढ होती आणि ‘टीम लीड’ही होतं.

ती माझ्याकडे वळली, तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि संकोच दोन्ही होतं. मी म्हणाले, “अरे वा, पार्टी!” आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले.

मला काय वाटत होतं, खरं सांगू? मला वाटत होतं की रात्री अकरा-अकरापर्यंत मी बसले. रिलीजच्या शनिवारी मी आले. नवीन पोरांना मी शिकवलं. आणि नाव तिचं झालं. त्या रात्री पीजीच्या गच्चीवर बसून मी राजीनाम्याचा मेल लिहिला. हातात दुसरी ऑफर नव्हती. घरी विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी सेंड केलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी फार बरं वाटलं. वाटलं, आता कळेल ह्यांना.

‘आता कळेल ह्यांना.’ हे वाक्य लक्षात ठेवा. मी परत येणार आहे त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने मीटिंग रूममध्ये बोलावलं. माणूस तसा बरा होता. त्याने विचारलं, “काय झालं?” मी म्हणाले, “मला वाटलं होतं लीडसाठी माझा विचार होईल.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तू कधी बोलली नाहीस. मला वाटलं तुला टेस्टिंगमध्येच पुढे जायचंय, माणसं सांभाळण्यात रस नाही. तिने सहा महिन्यांपूर्वी येऊन स्पष्ट सांगितलं होतं, की मला लीड व्हायचंय, त्यासाठी काय करू ते सांगा.”

तेव्हा मला ते खोटं वाटलं. सारवासारव वाटली. पण आज विचार करते तेव्हा आठवतं, त्या चार वर्षांत दर अप्रेझलला मला एक प्रश्न विचारला जायचा, ‘पुढच्या दोन वर्षांत स्वतःला कुठे बघतेस?’ आणि मी दरवेळी उत्तर द्यायचे, ‘कंपनी देईल ती जबाबदारी.’ दरवेळी! आपल्याकडे घरात हेच शिकवतात ना, तोंडाने मागायचं नाही, काम नीट करायचं, देणारा देतो. पाहुण्यांकडे दुसरा लाडू मागितला तरी आई डोळे मोठे करायची. ते संस्कार पाहुण्यांकडे ठीक आहेत. ऑफिसात मॅनेजरच्या हाताखाली पंधरा माणसं असतात, त्याला प्रत्येकाच्या मनातलं कसं कळणार?

शेवटी त्याने विचारलं, “परत घेतेस का मेल? मी अजून एचआरला पुढे पाठवलेला नाही.”

मंडळी, दार उघडं होतं. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी म्हणाले, “नाही.” कारण परत घेतला असता तर कमीपणा वाटला असता.

पप्पांचा फोन

घरी सांगायला मला चार दिवस लागले. मला वाटलं पप्पा ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “बाळा, नुसता लिहिलाय का पाठवलाय पण?” म्हटलं, पाठवलाय. मग म्हणाले, “मी तीस वर्षांत किती डेपो मॅनेजर बघितले. एकेक असा होता की विचारू नको. पण राग आला म्हणून गाडी मध्येच सोडून उतरलो नाही. गाडीत माणसं बसलेली असतात.”

मी म्हणाले, “पप्पा, माझ्या गाडीत कोण बसलंय?”

ते म्हणाले, “तुझी आई.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग डोक्यात लख्ख पडलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन! डॉक्टरांनी दिवाळीनंतर करू म्हटलं होतं. आणि आई-पप्पा माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये होते. ती पॉलिसी कंपनीची. शेवटच्या दिवशी माझी नोकरी संपणार, त्याच दिवशी त्यांचं विमा संरक्षणही. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घ्यायला जावं, तर आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो. आजच्या नियमाने तो जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकतो, तेव्हा ४ वर्षांपर्यंत असायचा. आणि संपातून नुकत्याच बाहेर पडलेल्या घरात ऑपरेशनचे पैसे कुठून येणार होते?

‘आता कळेल ह्यांना’ म्हणताना, ह्यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं.

आता ह्यातून मार्ग कोणी काढला, सांगा. शेजारणीने. तिला कसं कळलं मला माहीत नाही, बहुतेक आईनेच फोन केला असेल तिला. माझ्या डेस्कजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “अगं, तुझी नोटीस नव्वद दिवसांची आहे. काकूंचं ऑपरेशन जूनमध्येच करून घे. तोवर पॉलिसी चालू आहे. तुझ्या रजेचं मी बघते.” आणि तिने बघितलं. स्वतः लीड म्हणून पहिल्याच महिन्यात माझं काम वाटून घेतलं, मला दहा दिवस मोकळं सोडलं. जूनमध्ये पुण्यात ऑपरेशन झालं. बिल दोन लाख ऐंशी हजार. आमच्या खिशातून अकरा हजार गेले.

आणि मी तिला ‘थँक यू’ म्हणाले नाही. मला वाटत होतं, आता लीड झाली ना, म्हणून मोठेपणा दाखवतेय. शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर केक कापला, फोटो काढले, तिच्याशी हात मिळवला. पीजी त्याआधीच बदलली होती. मग दोन वर्षं एक मेसेज नाही.

मग पुढे काय झालं?

तुम्हाला वाटेल, मग माझी पार वाट लागली. नाही, लगेच नाही. २०२२ चा तो काळ आठवा. जो तो नोकऱ्या बदलत होता. इन्फोसिससारख्या कंपनीने मार्च २०२२ अखेरच्या बारा महिन्यांसाठी स्वतःहून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण २७.७ टक्के सांगितलं होतं. म्हणजे शंभरातले सत्तावीस-अठ्ठावीस जण. माणसं मिळत नव्हती, पगार वाढवून देत होते. मलाही नोटीस संपायच्या आत ऑफर आली. ४५ टक्के जास्त. मी म्हटलं, बघा, बरोबरच होते मी!

त्या नव्या ठिकाणी मी काय काम करणार, कोणासोबत करणार, प्रोजेक्ट किती दिवसांचा, ह्यातलं एकही मी इंटरव्ह्यूत विचारलं नाही. मला फक्त आकडा हवा होता, कारण तो आकडा मला जुन्या ऑफिसातल्या लोकांना दाखवायचा होता. सहा महिन्यांत हवा बदलली. क्लायंटने प्रोजेक्ट आवरला. दोन महिने बेंचवर बसवलं आणि मार्च २०२३ मध्ये नम्रपणे जायला सांगितलं. सगळ्यात नवीन मीच होते ना.

पुढचे पाच महिने मी बार्शीत होते. सकाळी अर्ज, दुपारी अर्ज. त्या काळात जुन्या कंपनीत जागा निघाल्या होत्या. शेजारणीने एक रेफरल टाकला असता तर काम झालं असतं. पण तिला कोणत्या तोंडाने फोन करायचा? शेवटी दुसऱ्या एका ओळखीतून नोकरी लागली, पगार जवळपास पहिल्या कंपनीतला. फिरून फिरून भोपळे चौकात, म्हणतात ना, ते हेच.

आता मी असं म्हणत नाही की राजीनामा दिला म्हणून हे झालं. राहिले असते तरी काहीही होऊ शकलं असतं. माझी चूक नोकरी सोडण्यात नव्हती. नोकरी सोडायचा सगळ्यांना हक्क आहे. चूक अशी, की मी तो निर्णय माझ्यासाठी घेतलाच नाही. मी तो त्यांना दाखवण्यासाठी घेतला. आणि ज्यांना दाखवायचं होतं ते चार दिवसांत आपापल्या कामाला लागले. परिणाम तेवढे माझ्या आणि आईच्या वाट्याला आले.

तर आता मगरपट्ट्याच्या ताईसाठी

राजीनामा टाक किंवा टाकू नको, हे मी सांगणार नाही. तुझं घर, तुझा खर्च, तुझी टीम मला माहीत नाही. पण त्या ड्राफ्टला हात लावायच्या आधी चार गोष्टी कर.

पहिली. कागद घे, फोन नको, कागदच घे. आणि लिही, मला नेमकं काय दुखतंय? चार रकाने कर : काम, पैसा, माणसं, मान. काम कंटाळवाणं आहे का? पगार कमी आहे का? माणसं वाईट वागतात का? की मान दुखावलाय? माझ्या बाबतीत काम आवडीचं होतं, माणसं चांगली होती, पैसा ठीक होता. दुखत होता फक्त मान. आणि मी इलाज केला पैशाचा! डोकं दुखतंय आणि गुडघ्याला बाम लावतोय, असं झालं ते. मान दुखावणं खोटं नसतं बरं का. ते खरंच असतं, रात्रीची झोप उडते. पण त्याचं औषध वेगळं असतं.

दुसरी. स्वतःला विचार, मी मागितलंय का? तोंडाने, स्पष्ट, ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे? नसेल तर आधी ते कर. मॅनेजरकडून वीस मिनिटं वेळ मागून घे. जाता जाता कॉफी मशीनपाशी नको. आणि तक्रारीने सुरुवात करू नको. ‘तिला का दिलं?’ ह्या प्रश्नाला कोणताही मॅनेजर खरं उत्तर देणार नाही, तो फक्त स्वतःचा बचाव करेल. असं म्हण, “मलाही लीड व्हायचंय. ह्या वेळी माझ्यात काय कमी पडलं ते सांगा. पुढच्या सहा महिन्यांत मी काय करून दाखवलं तर माझा विचार होईल?” मग जे बोलणं झालं त्याचा चार ओळींचा मेल त्याच दिवशी पाठव. ‘आज आपलं असं असं ठरलं.’ बस. सहा महिन्यांनी तो मेल कामाला येतो. आणि समोरून नुसतं ‘बघू, बघू’ आलं, तर तेही उत्तरच आहे. मग बाहेर बघायला सुरुवात कर, पण शांत डोक्याने.

तिसरी, आणि ही सगळ्यात अवघड. मैत्रिणीशी बोल. ऑफिसमध्ये नको, बाहेर, चहाला. तिला सांग, “मला तुझं वाईट वाटत नाहीये, मला माझं वाईट वाटतंय. थोडे दिवस मी तुटक वागेन, मनावर घेऊ नको.” एवढंच. हे वाक्य मी बोलले असते तर माझी दोन वर्षं वाचली असती. आणि दोघींनी मिळून ठरवा, की कामाचं बोलणं कामाच्या जागी. रजेचा अर्ज सिस्टीममधून टाक, डबा खाताना मागू नको. तिने तुझ्या कामात चूक काढली तर ती लीडने काढली, मैत्रिणीने नाही. आणि डब्यावर बसलात की लीड तिच्या खुर्चीवर राहिली. सुरुवातीला नाटकी वाटेल, पण ह्यानेच दोन्ही नाती टिकतात. तिच्यासाठीही हे सोपं नाही, हे विसरू नको. तिला काल जिच्याशी बॉसच्या गमती करायची तिच्याचकडून आज काम करून घ्यायचंय.

चौथी. एवढं सगळं करूनही जावंसं वाटलं, तर खुशाल जा. पण हिशोब करून जा. मी न केलेला हिशोब सांगते, लिहून घ्या सगळेच.

जायचंच असेल तर

मेडिक्लेम : घरातलं कोण ऑफिसच्या पॉलिसीत आहे, कोणाचे उपचार बाकी आहेत, हे आधी बघा. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण विचारणा शेवटच्या दिवसाच्या बऱ्याच आधी करायची. नव्या कंपनीत आई-वडिलांना धरतात का, हेही ऑफर घेतानाच विचारा. सगळ्या कंपन्या धरत नाहीत.

ग्रॅच्युइटी : कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की हक्क मिळतो. हिशोब साधा आहे. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. माझं मूळ वेतन तेव्हा २२ हजार होतं, म्हणजे पाच वर्षांचे सुमारे ६३ हजार झाले असते. मी चार वर्षांवर सोडली, शून्य मिळाले. ६३ हजारांसाठी वर्षभर कुढत बसा, असं मी म्हणत नाहीये. पण मला तो आकडा माहीतच नव्हता, हे चूक. फिक्स्ड टर्म करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्षानंतरच ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. वेतनाची व्याख्याही बदललीय, त्यामुळे तुमचा नेमका आकडा एचआरकडून लेखी घ्या.

पीएफ : यूएएन नंबर आयुष्यभर एकच राहतो. नोकरी बदलली की जुनी रक्कम नव्या खात्यात ट्रान्सफर करा. मध्येच काढून मोबाइल घेऊ नका! सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढली तर साधारणपणे त्यावर कर लागतो. ट्रान्सफर केली तर जुन्या-नव्या नोकरीची वर्षं एकत्र मोजली जातात. पेन्शनसाठी तर १० वर्षं सेवा लागते, तिथेही तुटलेली वर्षं जोडलेली बरी.

नोटीस पिरियड : तुमच्या नियुक्तीपत्रात काय लिहिलंय ते वाचा, मित्राने काय सांगितलं ते नको. नोटीस पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात घ्या. नव्या ठिकाणी कागदपत्रं तपासताना हेच आधी मागतात.

शिल्लक : हातात ऑफर नसेल तर निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. आणि ‘घर’ म्हणताना फक्त पीजीचं भाडं धरू नका. गावाकडे पाठवता तेही धरा.

आणि नव्या ठिकाणी तीन प्रश्न विचाराच. माझ्याआधी ह्या जागेवर कोण होतं आणि ते कुठे गेलं? प्रोजेक्ट किती दिवसांचा आहे? मी कोणाच्या हाताखाली काम करणार, आणि त्यांच्याशी एकदा बोलता येईल का? विचारायला लाज वाटते, मान्य. नंतर बेंचवर बसायला त्याहून जास्त वाटते.

हे मात्र वेगळं

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करते, नाहीतर कोणी चुकीचा अर्थ घेईल. आज मी जे ‘थांबा, बोला, हिशोब करा’ म्हणतेय, ते मन दुखावलं गेलंय तेव्हासाठी आहे. कोणी तुमचा छळ करत असेल, अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, महिनोन्‌महिने पगार देत नसेल, तर ‘मी मागितलं का’ वगैरे विचार करत बसू नका. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असायलाच हवी. साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. मेसेज, मेल जपून ठेवा, घरी सांगा. तिथे सोशिकपणा दाखवायचा नाही.

शेवटचं

आता शेजारणीचं काय झालं ते सांगते आणि थांबते.

२०२४ च्या गणपतीत मी तिला फोन केला. आईने केलेल्या मोदकांचा फोटो पाठवला आधी, मग धीर करून फोन. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. मी जे काही पाठ करून ठेवलं होतं ते सगळं विसरले आणि म्हणाले, “ऑपरेशनच्या वेळचं थँक यू राहिलं होतं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकू चालतात का नीट?” म्हटलं, चालतात, परवा अंबाबाईच्या देवळात पायऱ्या चढल्या.

मग ती जे म्हणाली ते मला अजून टोचतं. म्हणाली, “तुला माहितीये, मला त्या प्रमोशनचा आनंद एक दिवसही झाला नाही. घरी पेढे वाटले, आणि मी रात्रभर तुझा लास्ट सीन बघत होते. तू भांडली असतीस तरी चाललं असतं गं. तू गप्प बसलीस.”

मी माझा मान दुखावला म्हणून बसले होते. तिचं काय दुखावलं होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

आता आम्ही भेटतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा, कर्वे रोडला चहाला. अगदी पहिल्यासारखं झालंय असं नाही. पूर्वी आम्ही गप्प बसलो तरी चालायचं, आता दोघींपैकी कोणीतरी लगेच काहीतरी बोलायला लागतं. पण भेटतो. मागच्या वेळी मी शेंगाची चटणी नेली होती. तिने डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, “तिखट कमी केलंय काकूंनी.” बरोबर ओळखलं.

तर मगरपट्ट्याच्या ताई, तो मेल आज ड्राफ्टमध्येच राहू दे. उद्या शिफ्ट संपली की झोप काढ. मग उठून कागद घे आणि चार रकाने पाड. आणि तुझी मैत्रीण आत्ता, ह्या क्षणी, तिच्या खुर्चीवर बसून काय विचार करत असेल, ते एकदा तिलाच विचारून बघ. काय झालं ते मला कळव. व्हॉइस मेसेज पाठव, कितीही वाजता.

बाकी मंडळींनो, तुमच्यापैकी कोणी असा मेल लिहून ठेवला असेल, किंवा पाठवून बसला असेल, तर तुमचा अनुभवही सांगा. नाव न घेता वाचेन. पुढच्या भागात बघू की ऑफर लेटरमधला सीटीसी आणि हातात येणारा पगार ह्यात एवढा फरक का पडतो. एका मित्राने आपली सॅलरी स्लिप दाखवायचं कबूल केलंय, नाव झाकून!

तोपर्यंत काळजी घ्या, वेळेवर जेवा. भेटूच.